आधी हात दाखव

आधी एक गैरसमज निस्तरून घेते. बेसबॉलची बॅट ही मोटारीच्या सीटखाली ठेवायची वस्तू नाही. ती खेळायची वस्तू आहे. हे वाक्य लिहावं लागतं याचीच मला चीड येते, पण लिहावं लागतं. आपल्याकडे कुणी दुकानात जाऊन बेसबॉलची बॅट मागितली की दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. भांडण कुणाशी आहे याचा अंदाज घेतो.

मॅडम चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. मॅडम हातांकडे बघायच्या.

मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. वर्ध्याहून आंजी ओलांडून आर्वीकडे निघालं की रस्त्याला जे फाटे फुटतात, त्यातल्या एका फाट्यावर आमचं गाव. मॅडम मूळच्या समुद्रपूरकडच्या, राहायला वर्ध्याला, रोज एसटीने येणार. नाव लिहीत नाही. त्या ठणठणीत आहेत, आणि नाव छापलं तर पहिल्या गाडीने येऊन मला झापतील.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा मुलींना ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, "हात." आम्हाला वाटलं नखं बघणार. त्यांनी प्रत्येकीचा पंजा उलटासुलटा केला, बोटं एकेक वाकवली, तळव्याच्या गादीवर अंगठा दाबला. माझ्यापाशी थांबल्या.

"म्हशीचं दूध काढतेस काय वं?"

"हाव."

"कोणत्या हातानं?"

"दोन्ही."

"मग तुह्या बॅटच्या मुठीले पतली ग्रिप गुंडाळाची. तुह्या बोटांत जोर आहे. जाड ग्रिप लावली तर बोटं पुरी वळत नाई, जोर वाया जाते."

माझ्या शेजारी रोशनी होती. तिच्या घरी गोंडी बोलत, वडील जंगलातल्या कामावर जात. तिचे हात आमच्या सगळ्यांपेक्षा मोठे, बोटं लांब. मॅडमनी तिची मूठ मिटवली, बोटांची टोकं तळव्यात रुतताना पाहिली आणि म्हणाल्या, "हिले जाड. पतली दिली तर नखं स्वतःच्याच हातात घुसतीन." मग विचारलं, "जेवते कोणत्या हातानं?" रोशनीने हात मागे घेतला. मग हळूच, "डाव्या. पण मां मारते." मॅडमचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा खुलला. "इथं नाई मारत कोणी. हिची ग्रिप उलट्या बाजूनं गुंडाळाची."

तेव्हा आमच्यातल्या एकीलाही बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बॅट हातात यायला पुढे बरेच दिवस गेले. ग्रिप मात्र पहिल्या दिवशीच ठरली.

त्यांच्या पर्समध्ये पावडर शोधायला गेलं तर बोट कापून यायचं. कात्री, कापडी चिकटपट्टी, स्पिरिटची बाटली, जुना टूथब्रश आणि मऊ सुती फडकं. खेळ संपला की आधी ओल्या फडक्याने मूठ पुसायची, मग कोरड्याने. बॅट उन्हात टाकायची नाही, मूठ मातीला लावायची नाही, चिखलाच्या बुटाला तर नाहीच. भजे खाऊन बॅटला हात लावणं हा त्यांच्या राज्यातला सर्वात मोठा गुन्हा. "तेल एकदा आत गेलं का ग्रिप मेली," म्हणायच्या. "वरून चांगली दिसते, पण मेलेलीच असते."

आणि हे फक्त आमच्यापुरतं नव्हतं. शाळा तपासायला एक साहेब आले. सगळे नमस्कार करत होते, मॅडमनी हात पुढे केला. साहेबांनीही भलेपणाने हातात हात दिला. मॅडमनी तो सोडलाच नाही.

"साहेब, तुमची करंगळी आळशी आहे."

साहेब हसले.

"हसू नका. पेन धरून धरून असं होते. घरी कपडे पिळत जा."

भाचीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाचा हात असाच दाबून पाहिला आणि भर मांडवात निकाल दिला, "पकड चांगली आहे. भांडे घासू शकते." लोक म्हणायचे बाईचा एक स्क्रू ढिला आहे. मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते, ढिला नव्हता. त्यांना हवा तेवढाच पिळलेला होता.

आता बॅटींबद्दल. आमच्या बॅटी म्हणजे संस्थेच्या मोठ्या गावातल्या मुलांच्या शाळेने टाकून दिलेला माल. त्यांना नव्या आल्या की जुन्या आमच्याकडे. ग्रिप जाडजूड, घामाने काळी, मधेच फाटलेली. मुलांच्या हातांच्या मापाची. शाळेत मुलींना काय मिळतं याचा नमुना पाहायचा असेल तर खेळाच्या सामानाची खोली उघडून बघा, भाषण ऐकायची गरज नाही. मॅडमनी भाषण केलं नाही. त्यांनी ती सगळी कातडी सोलून काढली, खालचा चिकट थर टूथब्रशने खरवडला आणि एकेक बॅट एकेका हातासाठी नव्याने बांधली. बुडापासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, ताण सगळीकडे सारखा. "वेणी घालता नं? तशी. एकीकडं ढिली, एकीकडं कसलेली वेणी कोणाले आवडते?"

एकदा आर्वीला सामना खेळायला निघालो होतो. रस्त्यावर नाकाबंदी होती. हवालदार एसटीत चढले आणि थेट आमच्या पिशवीवर हात ठेवला. चेन उघडली. बॅटी.

"हे कोणाचं हो?"

"आमचं," मॅडम म्हणाल्या. "खेळाचं."

"पोरी बेसबॉल खेळते? मॅडम, मले येडं समजता काय? काल असेच दोन दांडे एका गाडीतून पकडले."

मॅडमनी एक बॅट बाहेर काढली आणि मुठीकडची बाजू हवालदारांच्या हातात दिली. "अंगठा फिरवा. झिजली कुठं ते सांगा."

हवालदारांनी नकळत अंगठा फिरवला. "इथं... खालून. करंगळीपाशी."

"रोज फिरवली तरच तिथं झिजते. आता कालच्या गाडीतले दांडे आठवा. त्यांच्या ग्रिपवरचं पारदर्शक प्लास्टिक तरी काढलं होतं काय?"

हवालदार विचारात पडले. प्लास्टिक काढलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. पुढून ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, उतरा नं! पोरींचा सामना हुकून राह्यला!" हवालदार उतरता उतरता म्हणाले, "मॅडम, माही पोरगी आठवीत आहे. तिचे हात पाहाल काय?" मॅडम म्हणाल्या, "रविवारी पाठवजा."

मी चिडकी होते. आताही आहे, पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला तेवढं भांडवल लागतंच. चेंडू हुकला की मी बॅट अशी आवळायची की पेरं पांढरी पडायची. मॅडम येऊन माझी बोटं एकेक सोडवायच्या. दार ठोठावताना जी पेरं दारावर आपटतात, ती दोन्ही हातांची एका रेषेत आणायच्या. बॅट तळव्यातून काढून बोटांत द्यायच्या.

"राग आला?"

"हाव."

"येऊ दे. राग लय कामाची चीज आहे. फक्त थो बोटांत ठेवजो. दंडात गेला का बॅट फिरतच नाई."

एवढंच. "शांत राहा, मुलीच्या जातीनं चिडू नये" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बाकी सगळ्यांच्या तोंडून ऐकलं.

त्या वर्षी संस्थेचे सचिव शाळेत आले आणि मैदानाच्या कडेला उभं राहून म्हणाले, "मॅडम, ह्या वर्षी जिल्ह्यात पहिल्या या. नाई तर बेसबॉल बंद. पोरींनं कबड्डी खेळावी. तिले सामान लागत नाई."

कबड्डीवर माझा काडीचा राग नाही. राग 'सामान लागत नाही' यावर आहे. मुलींसाठी खेळ निवडताना पहिला प्रश्न हाच: सामान लागतं का? जागा लागते का? बूट लागतात का? काहीच लागत नसेल तर खेळा बाई. मॅडम सचिवांना एवढंच म्हणाल्या, "पहिल्या आलो तर संघ राह्यल?"

"राह्यल नं. जबान दिली."

"पोरीहो, ऐकलं?" आम्ही ऐकलं होतं. त्या दिवसापासून आमच्यासमोर एकच गोष्ट होती. जिंकलो तर संघ, हरलो तर काहीच नाही.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाच्या हत्याराची पूजा होते. शाळेतही होते. शिपाई मावशींनी व्हरांड्यात पाट मांडले. घंटेचा टोल, बागेतली कुदळ, विळा, ऑफिसातली कात्री. आणि मावशींच्या मनात आलं, पोरी सामन्याला चालल्या, तर त्यांची हत्यारं नकोत का? त्यांनी सगळ्या बॅटी आणून ओळीने ठेवल्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं. इथवर ठीक होतं. पण कुदळीच्या दांड्याला तेलपाणी करतात ना, तसं त्यांनी बॅटींनाही केलं. वाटीभर जवसाचं तेल घेऊन, बाळंतिणीला मालिश करावी तसं एकेका मुठीत मुरेपर्यंत चोळलं. आम्ही मुली समोर उभ्या राहून टाळ्या वाजवत आरती म्हणत होतो. भजी खाल्लेला हात चालत नाही हे तोंडपाठ असलेल्या आम्ही! पूजेचं तेल ते आपलं नेहमीचं तेल नव्हेच, असं काहीतरी सगळ्यांच्या डोक्यात असावं.

आरती संपता संपता मॅडम एसटीतून उतरून आल्या. हात जोडले, आणि सवयीने एक बॅट उचलली. ती त्यांच्या हातातून सुळकन निसटली आणि त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर आदळली.



मावशींना कळलं काहीतरी चुकलं. "मॅडम," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पोरींचे हात सोलून राह्यले होते नं... म्हटलं जरा मऊ करून द्यावं."

मॅडमनी अंगठा चोळला. वाकून ताटातलं कुंकू कपाळाला लावलं. बत्तासा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "मावशी, पूजा चांगली झाली. कात्रीची पण केली नं?"

"केली."

"द्या मंग इकडं."

आणि त्या हळदकुंकू लावलेल्या कात्रीने त्यांनी तिथेच, व्हरांड्यात, पहिली ग्रिप बुडापासून उभी कापली. तेल आतपर्यंत गेलं होतं. सगळ्याच मेल्या होत्या.

सामने दसऱ्यानंतर लगेच होते. वर्ध्याच्या दुकानात मनासारख्या ग्रिप मोजक्याच मिळाल्या, त्या पातळ होत्या, त्या आम्हा लहान हातांच्या मुलींना गेल्या. बाकीच्यांसाठी मॅडमनी औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी आणली. मूठ स्पिरिटने पुसली, वाळवली, पुन्हा पुसली. मग आम्हाला बसवलं. "मी बांधणार नाई. ज्याची त्यानं बांधाची. मैदानात उकलली तर मले आवाज द्याचा नाई."

माझी पहिली ग्रिप त्यांनी उकलायला लावली. दुसरीही. "मधात फुगली." तिसऱ्यांदा मी चिडून विचारलं, "एवढ्यानं काय फरक पडते?" त्यांनी माझा हात धरून डोळे मिटायला सांगितलं आणि अंगठा मुठीवरून फिरवला. फुगवटा लागला. अगदी बारीक, पण लागला. मी उकलली.

रोशनीचं वेगळंच होतं. कापसाची वेचणी सुरू झाली होती. सकाळी शाळेआधी ती आईबरोबर वेचायला जायची, आणि सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांची टोकं फाटलेली होती. मॅडमनी ती बघितली. "हिले रबराची चिकट ग्रिप देली तर जखमा रोज उघडतीन." तिच्या बॅटवर खाली कापडाचा एक थर, वर दुसरा मऊ थर, सगळं डाव्या हाताला उलट वळवून. शिपाई मावशी शेजारी बसून पट्टीची टोकं कापून देत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी उठवलंही नाही.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला समोरच्या संघाचे सर आमच्या बॅटी पाहून मोठ्याने हसले. "अरे, ह्या बॅटी आहे का दवाखान्यातले पेशंट?" त्यांच्या मुलीही हसल्या. त्यांनी पंचांकडे तक्रारही केली, पट्टी बांधलेली बॅट चालते का म्हणून. पंचांनी प्रत्येक मूठ हाताने तपासली. पट्टी किती उंचीपर्यंत गेली तेही पाहिलं. मॅडम नुसत्या पंचांच्या हातांकडे बघत राहिल्या. पंच म्हणाले, "चालते. आणि बांधली कोणी? छान बांधली."

"पोरींनं," मॅडम म्हणाल्या.

शेवटच्या डावात बरोबरी होती. मी तिसऱ्या टप्प्यावर उभी, पुढचा टप्पा म्हणजे घर, तिथे पोहोचले की जिंकलो; बॅटिंगला रोशनी. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्यावर घुमवली आणि हुकली. समोरचे सर ओरडले, "डावखुरीले बाहेर टाका, बाहेर!" त्यांच्या मुलीने बाहेर टाकला, आणि रोशनीने तो लांब हातांनी ओढून उजव्या कोपऱ्यात मारला. मला पुढचं फक्त माझ्या पायांचं आठवतं. घरी पोहोचले, धुळीत आडवी झाले, आणि वर पाहिलं तर आमच्याबरोबर आलेल्या शिपाई मावशी नाचत होत्या.

आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो होतो.

पुढे विभागीय स्पर्धेला नागपूरला गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. त्यांनी आम्हाला धुतलं, लपवण्यासारखं काही नाही. परत येऊन बॅटी सामानाच्या खोलीत ठेवल्या, तर सकाळी खोलीला कुलूप. सचिवांनी निरोप ठेवला होता: हरल्या, आता बंद.

हे असं असतं. अट जिल्ह्याची होती. आम्ही ती पाळली. मग अट बदलली, आणि बदलताना आम्हाला विचारायची गरजही वाटली नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन बादलीला लाथ मारली.

मॅडमनी लाथ मारली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला मैदानात नेलं नाही. रस्त्यालगतच्या फाटकापाशी ओळीत उभं केलं. "हात वर. पकड घ्या."

"मॅडम, बॅट?"

"बॅट कुलपात आहे. हात कुलपात आहे काय?"

आम्ही रिकाम्या हातांनी पकड घेतली. रिकाम्या हातांनी बॅट फिरवली. मॅडम एकेकीची पेरं तपासत होत्या, न दिसणाऱ्या मुठीवर बोटं सरळ करत होत्या. रस्त्याने लोक चालले होते. मुलं खिदळली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मॅडम हटेनात, म्हणून आम्हीही हटलो नाही. रोज, त्याच जागी.

मग वेचणीवरून परतणाऱ्या बायका थांबायला लागल्या. एके दिवशी रोशनीच्या आईने विचारलंच, "काय वं बाई, पोरी हवेत काय मारून राह्यल्या?"

"बेसबॉल," मॅडम म्हणाल्या.

"दांडे कुठं गेले?"

"सचिवसाहेबांले विचारा."

बायकांनी विचारलं. एकीने नाही, सगळ्यांनी. सचिव शाळेत आले त्या संध्याकाळी फाटकात बायकांची गर्दी होती, डोक्याला अजून वेचणीचे फडके बांधलेले. रोशनीची आई पुढे झाली. "साहेब, तुमी म्हटलं होतं जिल्ह्यात पहिल्या या. आल्या नं?"

"हो, पण पुढं—"

"पुढचं मंग बोलू. आल्या का नाई?"

सचिव मागे वळले. मागे मावशी उभ्या होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "चाबी माह्यापाशीच आहे साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी हाव म्हणाची वाट पाहून राह्यली."

सचिवांनी हाव म्हटलं. पण तो माणूस हुशार. दोन दिवसांनी ते फोटोग्राफर घेऊन आले, हार घेऊन आले. संस्थेने मुलींना बेसबॉलचं सामान दिलं, असा फोटो पेपरात हवा होता. बॅटी टेबलावर मांडल्या. सचिव खुर्चीतून उठले, कोट नीट केला, एक बॅट उचलून रोशनीच्या दिशेने धरली. फोटोग्राफर म्हणाला, "जरा हसा."

मॅडम मधे आल्या. त्यांनी ती बॅट घेतली, मुठीवर अंगठा फिरवला. खोलीत उंदरांनी कापड कुरतडलं होतं, पट्टी उसवून लोंबत होती.

"थांबा साहेब. अशी ग्रिप असलेली बॅट मी कोणाच्या हाती देत नाई."

"मॅडम, फोटोपुरती..."

"फोटोपुरती पण नाई. पोरीहो, बसा."

आम्ही बसलो. तिथेच, सचिवांच्या पायांपाशी, फरशीवर. कात्र्या निघाल्या, स्पिरिट निघालं. जुनी पट्टी सोलली, मूठ पुसली, वाळवली, पुन्हा पुसली. घाई कुणीच करत नव्हतं. सचिव आधी उभे राहिले, मग बसले, मग घड्याळ बघायला लागले. त्यांच्या हातातल्या हारातली शेवंती गळायला लागली. "अजून किती वेळ हो?" त्यांनी विचारलं. मॅडमनी एका बॅटचा वेढा बोटाने तपासला आणि म्हणाल्या, "ही मधात फुगली. उकला."

बाहेर गाडीचा आवाज झाला. फोटोग्राफरला दुसरीकडे एका लग्नाचे फोटो काढायचे होते, तो गेला. मग सचिवही गेले. आम्ही मान वर केली नाही, शेवटची मूठ बांधून होईपर्यंत.

त्या दिवसाचा फोटो कुणाकडेच नाही. संघ आहे.